शोकाचा वेळ मोजत नाहीत

आमच्या सभागृहात चारशे माणसं बोलायला येतात आणि एक बाई गप्प बसायला येते. ती बाई मी. अध्यक्षांच्या उंच खुर्चीच्या बरोबर खाली एक अर्धगोल टेबल आहे, त्याच्या डाव्या टोकाला माझी जागा. समोर एक घड्याळ, ते चालू-बंद करायचा खटका, घंटेचं बटण आणि रेघा मारलेले मोठे कागद. कोण किती बोललं आणि कुणाचा किती वेळ उरला, हे मी लिहिते. वेळ संपला की घंटा वाजवते. सव्वीस वर्षं हेच चाललंय. सभासद मला पाठीमागे घड्याळबाई म्हणतात, काही धीट लोक तोंडावरही म्हणतात. आमचे हे तर म्हणतात, हिच्याशी भांडायची सोयच राहिली नाही, जरा रंगात आलो की हिची नजर मनगटाकडे जाते.

एक गोष्ट मात्र कबूल करते. पहिल्या दिवशी त्या सभागृहात पाय ठेवला तेव्हा माझी छाती दडपली होती, आणि ती अजून पुरती मोकळी झालेली नाही. सकाळी माणसं यायच्या आधी मी घड्याळ तपासायला आत जाते. चारशे रिकाम्या जागा, वर गोल गॅलरी, छताच्या काचांतून सावकाश खाली उतरणारा उजेड, आणि एवढ्या मोठ्या जागेत फक्त माझ्या चपलांचा आवाज. इथे माणसं 'होय' म्हणतात आणि दूर कुठेतरी, ज्यानं हे दार जन्मात पाहिलेलं नाही, त्याचं घर त्याचं होतं किंवा त्याचं राहत नाही. नुसत्या बोलण्यानं. मला हे अजून नीट कळलेलं नाही. बोलणारे आत येऊन बसले की मग मात्र जरा धीर येतो, कारण त्यांच्याकडे बघून कुणाला दडपण येईल असं वाटत नाही.

वेळ कसा वाटायचा हे ठरवते कामकाज सल्लागार समिती. नाव भारदस्त, पण दर सोमवारी दुपारी त्या लांबट खोलीत जे चालतं त्याला साध्या भाषेत भांडण म्हणतात. टेबलाच्या एका बाजूला सरकारी पक्षाचे प्रतोद बसतात, म्हणजे आपल्या सभासदांना धाकात ठेवून मतदानाला हजर करणारे गृहस्थ. किडकिडीत, कानावर पेन्सिल, कधीच आवाज चढवत नाहीत. समोर विरोधकांचे प्रतोद, चांगले ऐसपैस, आवाज खाली कसा आणायचा हेच त्यांना माहीत नाही. मी कोपऱ्यात आकडे घेऊन बसते.

त्या सोमवारी विषय होता खाणींच्या विधेयकाचा.

"एक तास," पेन्सिलवाले म्हणाले.

"एक तास? अहो, तुमच्या मंत्र्यांना नुसता घसा साफ करायला अर्धा तास लागतो! सहा तास हवेत."

"सहा तासांत तुम्ही काय बोलणार? तेच तेच सहा वेळा."

"तुम्ही पहिल्यांदा ऐकलं असतं तर सहा वेळा बोलावं लागलं नसतं!"

असं पाऊण तास चाललं. चहाचे कप निवले, बिस्किटं मात्र दोन्ही बाजूंनी एकमतानं संपवली. शेवटी ठरलं दोन तास. बुधवारी तीन ते पाच. पाचाच्या ठोक्याला चर्चा बंद आणि मतदान सुरू. तोपर्यंत ज्याची दुरुस्ती मांडून झाली नसेल ती गेली, तिच्यावर मत घेत नाहीत.

मग वाटणी. दोन तासांची एकशे वीस मिनिटं, सभासद चारशे, म्हणजे माणशी अठरा सेकंद. ज्या पक्षाची जितकी माणसं तितके अठरा सेकंद त्यांनी आपापसांत वाटून घ्यायचे. कुठल्याच पक्षात नसलेले सभासद आमच्याकडे दहा आहेत. त्यांना सगळ्यांना मिळून तीन मिनिटं. आठ जणांनी नाव दिलं नव्हतं, दोघांना बोलायचं होतं. एक वकीलसाहेब, आणि दुसरे ज्यांना सगळे दीडमिनिटे म्हणतात ते. दर वेळी ह्या ना त्या हिशेबानं त्यांच्या वाट्याला दीडच मिनिट यायचं, म्हणून ते नाव. त्यांचा काही आक्षेप नव्हता. उलट कुणी खऱ्या नावानं हाक मारली की ते आधी मागे वळून बघायचे.

मंगळवारी दीडमिनिटे माझ्या खोलीत आले. माझी खोली म्हणजे दोन कपाटांमधली फट आहे, तिथे पाहुण्यानं बसायचं तर मला उठावं लागतं. ते उभेच राहिले. ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस, हातात एक घडी घातलेला कागद.

"बाई, एक मेहरबानी करा. मी हे वाचतो, तुम्ही घड्याळ लावा."

मी घड्याळ लावलं. त्यांनी वाचलं. ती त्यांची दुरुस्ती होती. कायद्याच्या भाषेत असल्यामुळे ऐकायला दगड चावल्यासारखी, पण अर्थ सरळ होता. खाण कोसळून माणसं आत अडकली आणि त्यांना बाहेर न काढताच खाणीचं तोंड कायमचं बंद केलं, तर बंद केल्याच्या दिवशी ती माणसं मृत मानावीत.

"पन्नास सेकंद," मी म्हणाले.

"म्हणजे का मांडतोय ते सांगायला चाळीस उरले." त्यांनी कागदाची घडी घातली. "जमेल का हो?"

"आधी मला सांगून बघा."

सभासद होण्याआधी ते एका खाणीत हजेरी कारकून होते. दरवाजाशी उभं राहून, आत उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव घ्यायचं आणि खूण करायची. दोन वर्षांपूर्वी सकाळच्या पाळीला त्यांनी एकेचाळीस नावं घेतली होती. दुपारी खाण बसली. अकरा दिवस खणलं, मग वरचा डोंगरच सरकायला लागला, तेव्हा तोंडावर सिमेंट ओतलं. आणि कायदा म्हणतो, ज्याचं प्रेत कुणी पाहिलं नाही तो बेपत्ता. बेपत्ता माणूस सात वर्षं जिवंत असतो.

"त्यात माझा थोरला भाऊ आहे," ते म्हणाले. "वहिनी माझ्याकडेच असतात, आईजवळ. कुठल्याही कचेरीत गेल्या की विचारतात, नवऱ्याची सही आणा. शाळेतसुद्धा. आणि घरी रडायला गेल्या तर आई ओरडते. म्हणते, जित्या माणसासाठी डोळ्यांतून पाणी काढायचं नाही, तो यायचाय. सरकारनंसुद्धा तो गेला असं म्हटलेलं नाही, मग तू कोण म्हणणारी? दोन वर्षं झाली, वहिनी रडलेल्या नाहीत."

"ह्याला पंचवीस सेकंद लागले," मी म्हणाले. नुसतं एवढंच बोलल्याची मला आजही लाज वाटते.

ते मात्र खूश झाले. "म्हणजे पंधरा हातात राहतात की!"

सरकारचा ह्या दुरुस्तीला विरोध होता. माणूस मेला म्हटलं की चौकशी आली, बेपत्ता म्हटलं की नुसता शोध, आणि शोध कितीही वर्षं चालू ठेवता येतो. तरी दीडमिनिट्यांना वाटत होतं की एकदा कारण कानावर पडलं की खाणमंत्री नाही म्हणू शकणार नाहीत. मला तसं वाटत नव्हतं. पण माझं काम वाटण्याचं नाही.

बुधवारी सभागृह खच्चून भरलं होतं. पहिले दोन तास, खरं तर पावणेदोन, जसे जातात तसे गेले. एकानं दुसऱ्याला खोटारडा म्हटलं, दुसऱ्यानं ते शब्द मागे घ्यायला लावले, पहिल्यानं शब्द मागे घेऊन तोच अर्थ नवीन शब्दांत पुढे ठेवला. मी लिहीत होते. वर प्रेक्षकांच्या गॅलरीत पहिल्या रांगेत राखाडी शाल घेतलेली एक बाई कठड्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. दीडमिनिटे सारखे वर बघायचे, त्यावरून ओळखलं की ह्याच वहिनी.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी वकीलसाहेबांचं नाव पुकारलं गेलं. त्यांना दीड मिनिट होतं. दीड मिनिटाला मी घंटा वाजवली. ते म्हणाले, "शेवटचं एकच वाक्य," आणि ते वाक्य मग डोंगर चढून पलीकडे उतरलं. मी दुसऱ्यांदा घंटा वाजवली, तिसऱ्यांदा वाजवली. ते खाली बसले तेव्हा दोन मिनिटं दहा सेकंद झाले होते.

पेन्सिलवाले प्रतोद लगेच उभे राहिले. "हरकतीचा मुद्दा. पक्षाबाहेरच्या सभासदांना मिळून तीन मिनिटं आहेत. जास्तीचे चाळीस सेकंद त्यांच्यातूनच जायला हवेत."

"अहो, एका माणसाच्या चाळीस सेकंदांनी तुमचं सरकार पडणार आहे का?" समोरून ऐसपैस प्रतोद गरजले.

"नियम आहे."

"नियमाचं कौतुक तुम्हाला कधीपासून?"

दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला. अध्यक्ष खुर्चीतून पुढे वाकले. सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी बेजार झालेले गृहस्थ आहेत, शक्यतो जागचे हलत नाहीत. त्यांनी मला हळूच विचारलं, "किती उरले?"

मी खोटं सांगू शकले असते का? तो विचार माझ्या डोक्यात आला, हेही मला नवीन होतं. पण कागदावर आकडा होता.

"पन्नास सेकंद," मी म्हणाले.

अध्यक्षांनी तेच मोठ्यानं सांगितलं. दीडमिनिट्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेत मुलगा फळ्यावरची बेरीज पडताळून पाहतो तसं पाहिलं, आणि मान हलवली. बरोबर आहे. पन्नास सेकंदांत दुरुस्ती वाचून होते, एक शब्द इकडे नाही की तिकडे नाही. का मांडली ते सांगायला काहीच उरत नाही. आणि कारण न सांगता मांडलेल्या दुरुस्तीचं काय होतं ते चारशे जणांना पाठ होतं. मंत्री 'अमान्य' म्हणतात आणि पुढची घेतात.

ते उभे राहिले. कागद हातात होता. तो त्यांनी उघडलाच नाही.

"अध्यक्ष महोदय," ते म्हणाले, "सभागृहाला कळवताना मला अतिशय दुःख होतं की पुढील व्यक्ती आता आपल्यात नाहीत."

आणि त्यांनी पहिलं नाव घेतलं.

इथे एक सांगायला हवं. कुणी वारलं की आमच्या सभागृहात त्याच्या भागातला सभासद ह्याच शब्दांत कळवतो, शब्द वर्षानुवर्षं तेच आहेत. आणि शोकाचा वेळ मोजत नाहीत. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मला माझ्या आधीच्या बाईंनी शिकवलं, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. ते शब्द कानावर पडले आणि नाव आलं की घड्याळाचा खटका खाली करायचा. सव्वीस वर्षांत असा शेकडो वेळा माझ्या हातानं खटका खाली केलाय. त्या दिवशीही केला. विचार करून नाही. मी तेव्हा मनात त्यांना वेड्यात काढत होते, की अहो हे काय करताय, दुरुस्ती वाचा, सेकंद चाललेत. आणि हात आपलं काम करून मोकळा झाला होता.

त्यांना ही पद्धत माहीत नव्हती. ते त्यांनी नंतर सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच ठरवलं होतं की कायदा तर हातचा गेला, निदान घंटा होईपर्यंत जितकी जमतील तितकी नावं ह्या भिंतींच्या कानावर घालू. शब्द इथेच ऐकलेले वापरले, कारण त्यांना वाटलं की अशी बातमी द्यायचे हेच शब्द असतात.

ते हजेरीच्या क्रमानं नावं घेत होते. त्या सकाळी माणसं ज्या क्रमानं आत उतरली त्या क्रमानं, पाठ. नाव, आणि त्यापुढे एखादा शब्द. हा सुरुंग भरायचा. हा छताला टेकू लावायचा. हे दोघे बापलेक. हा उतरताना नेहमी शीळ घालायचा. घाईनं बोलत होते, मधूनमधून घंटेकडे बघत होते, आणि घंटा वाजत नव्हती. दहाव्या नावाला त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसायला लागलं. पंधराव्या नावाला त्यांचा वेग आपोआप कमी झाला.

सोळाव्याला पेन्सिलवाले ओरडले. त्या माणसाचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "घड्याळ बंद आहे! अध्यक्ष महोदय, टेबलावरचं घड्याळ बंद आहे!"

चारशे माना माझ्याकडे वळल्या. मी घड्याळाकडे पाहिलं. खरंच बंद होतं. चव्वेचाळीस सेकंद उरलेले असताना काटा थांबला होता.

खाणमंत्री उभे राहिले. वाईट माणूस नाही. जड, शांत, कागद बघूनच बोलणारा. "अध्यक्ष महोदय, मला सभासदांच्या भावनांचा आदर आहे. पण ज्यांची नावं घेतली जात आहेत ते कायद्यानं बेपत्ता आहेत. मृत नाहीत. तेव्हा हा शोक होऊ शकत नाही, हे भाषण आहे, आणि भाषणाचा वेळ मोजला गेला पाहिजे."

बोलणं बिनतोड होतं. अध्यक्षांनी मला विचारलं, ह्या वेळी हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घड्याळ का थांबवलंत?"

टेबलाशी बसून काम करणारी माणसं सभागृहात बोलत नाहीत. मी सव्वीस वर्षांत तिथे आकड्यांपलीकडे एक अक्षर उच्चारलं नव्हतं. मी उभी राहिले.

"अध्यक्ष महोदय," मी म्हणाले, "गेलेल्या माणसाचं नाव कानावर पडलं. हात थांबला."

एवढंच. मी बसले. भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात पाचला आठ मिनिटं कमी होती. ते घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पेन्सिलवाल्यांनी नुसता वाद लांबवला असता तरी त्यांचं काम झालं असतं.

अध्यक्षांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार दिला आणि ते उभे राहिले.

आता आमच्याकडे अध्यक्ष उभे राहिले की त्याचे दोनच अर्थ होतात. एक म्हणजे ते रागावलेत आणि त्यांना शांतता हवीय. तेव्हा जो कुणी उभा असेल त्यानं तत्काळ खाली बसायचं. दुसरा म्हणजे शोक. तेव्हा जो कुणी बसलेला असेल त्यानं उभं राहायचं. आजवर ह्यात कधी गोंधळ झाला नव्हता, कारण कुठला प्रसंग आहे ते अध्यक्ष आधी सांगतात. त्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही. ते नुसते उभे राहिले आणि समोर बघत राहिले.

प्रतोद झटकन खाली बसले. मंत्री बसले. दीडमिनिटे घाबरून बसायला लागले, अर्धे वाकले, आणि तसेच थांबले. काही लोक अर्धवट उठले, शेजाऱ्याकडे बघून परत टेकले. पोरांनी खुर्च्यांचा खेळ खेळावा तशी गत झाली होती आणि एरवी मला हसू आवरलं नसतं. कुणालाच कळत नव्हतं की हे उभं राहणं कुठलं आहे.

मग सरकारी पक्षाच्या शेवटच्या रांगेत एक म्हातारे सभासद उठले. त्यांचं भाषण मी कधी टिपल्याचं आठवत नाही, ते फक्त मत द्यायला यायचे. ते काठीवर भार टाकून उठले आणि उठून उभेच राहिले. त्यांच्या पुढची बाई उठली. समोरच्या बाजूला ऐसपैस प्रतोद उठले, ह्या खेपेला एक शब्दही न बोलता. मग आवाज आला. चारशे माणसं उठतात तेव्हा खुर्च्यांचा एक आवाज होतो, खालून वर चढत जाणारा. तो मी शेकडो वेळा ऐकला होता. पण तेव्हा त्यांना कुणीतरी उठायला सांगितलेलं असायचं. आज कुणी सांगितलं नव्हतं. मी स्वतः कधी उभी राहिले ते मला आठवत नाही.

पेन्सिलवाले उठले. सगळ्यांत शेवटी खाणमंत्री उठले. एक हात टेबलावर ठेवून, खाली बघत.

अध्यक्षांनी दीडमिनिट्यांकडे पाहून मान हलवली. त्यांनी सतरावं नाव घेतलं.

आता घाई नव्हती. एकेक नाव छतापर्यंत जाऊन खाली येत होतं. ज्या माणसांनी आयुष्यात ह्या इमारतीचं चित्रसुद्धा पाहिलं नसेल, त्यांच्यासाठी देशाचं सगळं सभागृह उभं होतं, मंत्र्यांसकट, दुखऱ्या गुडघ्यांसकट. मी गॅलरीकडे पाहिलं. तिथे लोकांनी कायम बसूनच राहायचं असा नियम आहे. लोक उभे होते आणि पहारेकरीही टोपी काढून त्यांच्यात उभा होता. एकट्या वहिनी बसलेल्या होत्या. कठडा धरून, जिवाचे कान करून.

चाळीस नावं झाली. दीडमिनिटे थांबले.

"एकेचाळिसावा माझा थोरला भाऊ," ते म्हणाले. त्यांनी नाव घेतलं. "त्या दिवशी तो चार मिनिटं उशिरा आला. दरवाजा बंद करायची वेळ झाली होती. नियमानं मी त्याला परत पाठवायला हवं होतं. मोठ्या भावाला कसं परत पाठवायचं, म्हणून मी त्याची हजेरी लावली आणि आत सोडला."

निवडून आल्यापासून हा माणूस दीड-दीड मिनिट बोलत होता आणि हे वाक्य त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. वर वहिनींनी दोन्ही हात तोंडावर घेतले. त्यांनाही ते माहीत नव्हतं.

अध्यक्ष बसले. सभागृह बसलं. पाचला तीन मिनिटं कमी होती. मी खटका वर केला, घड्याळ सुरू झालं. दीडमिनिट्यांनी कागद उघडला आणि चव्वेचाळीस सेकंदांत पन्नास सेकंदांचं वाचायला लागले. मी काट्याकडे बघत होते. ते जीव तोडून वाचत होते, आणि 'अशा व्यक्ती त्या दिवसापासून' इथे आले तेव्हा वेळ संपला. मी घंटा वाजवली. वाजवायलाच हवी होती. बोटाला ते बटण इतकं जड कधी लागलं नव्हतं.

घंटेनंतर बोललेलं नोंदीत जात नाही. ते थांबले. हजेरी लावणारा माणूस, त्यांना वेळ कळतो.

खाणमंत्री उभे राहिले. हातातला कागद त्यांनी टेबलावर पालथा ठेवला होता. "अध्यक्ष महोदय, उत्तरासाठी माझी दोन मिनिटं आहेत. सभासदांचे उरलेले शब्द माझ्या वेळातून घ्यावेत."

पेन्सिलवाल्यांनी त्यांची बाही ओढली. मंत्र्यांनी ती सोडवून घेतली.

"मृत मानल्या जातील," दीडमिनिटे म्हणाले. "मी ही दुरुस्ती मांडतो."

"सरकारला मान्य आहे," मंत्री म्हणाले. "मी आत्ताच त्यांच्यासाठी उभा होतो. मला दुसरं काही म्हणता येणार नाही."

पाच वाजले. दुरुस्ती मताला टाकली तेव्हा जो 'होय' आला तो मी छातीत ऐकला. एकही 'नाही' आला नाही.

त्यानंतर अर्ध्या तासानं मी माझे कागद घेऊन मागच्या लांब पॅसेजमधून जात होते. खिडकीखालच्या बाकावर दीडमिनिटे आणि वहिनी बसले होते. मधे एक हात अंतर. मी पुढे सरकणार तेवढ्यात वहिनी उठल्या.

"घड्याळ तुम्ही थांबवलंत ना?"

"हो. पण ठरवून नाही हो. हात गेला."

"ठरवून केलं असतं तर मला एवढं वाटलं नसतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत पहिल्यांदा कुणालातरी ते आपणहून खरं वाटलं."

दीडमिनिटे जमिनीकडे बघत होते. "वहिनी, त्या चार मिनिटांचं..."

"भाऊजी, तुम्ही परत पाठवलं असतं तर ते दुसऱ्या दरवाजानं गेले असते. तुम्हाला माहीत नाही का तुमचे दादा?" त्यांनी पदरानं नाही, तळहातानं चेहरा पुसला. डोळे कोरडेच होते. "ते नंतर बघू. आधी आईंना कोण सांगणार?"

ते माझ्याकडे बघून पुटपुटले, "आई ऐकायची नाही. दादाची पाळी पाचला सुटायची. आल्या आल्या अंघोळीला गरम पाणी लागायचं त्याला. ती अजून रोज पाचला मोठं पातेलं गॅसवर ठेवते. झोपायच्या वेळी ओतून देते."

वहिनींनी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि लावला. पलीकडच्या सासूबाईंना कमी ऐकू येत असावं, कारण त्या फोनवर ओरडून बोलत होत्या. शब्दन् शब्द पॅसेजभर ऐकू येत होता.

"आई, मी बोलतेय. भाऊजींनी सभागृहात सगळ्यांची नावं घेतली. ह्यांचंही."

"मग? काय म्हणाले ते लोक? शोधतायत ना?"

"नाही, आई. ते उभे राहिले."

"कोण उभं राहिलं?"

"सगळे. अध्यक्ष, मंत्री, चारशे जण. नाव घेतलं आणि सगळे उठून उभे राहिले. कुणी बोललं नाही."

दीडमिनिटे उठून वहिनींच्या बाजूला येऊन उभे राहिले.

"माझ्या पोरासाठी?" सासूबाईंचा आवाज आला. आता त्या ओरडत नव्हत्या, तरी ऐकू आलं.

"हो, आई. त्यांच्यासाठी."

मग त्या म्हणाल्या, "पाणी ठेवलंय गं मी. उकळायला लागलंय."

वहिनींचा चेहरा तेव्हा मोडला. आवाज मात्र त्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवला.

"गॅस बंद करा, आई," त्या म्हणाल्या. "आम्ही निघालोय."